एका पोळीला एक चिंचोका

६ जानेवारी, सोमवार

आजपासून मी कॅप्टन. खेळाची नव्हे, कचऱ्याची.

सकाळी रेक्टर ज्योती मॅडमनी बोलावून एक परिपत्रक हातात ठेवलं. विद्यापीठाने वसतिगृहांची स्पर्धा लावली आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली मिळून चौदा वसतिगृहं. सहा आठवडे रोजचा कचरा तोलायचा, ओला वेगळा, कोरडा वेगळा. ज्यांचा माणशी कचरा सगळ्यात कमी होईल त्यांचा पहिला नंबर. बावीस फेब्रुवारीला धुळ्याला अंतिम फेरी. "रूपाली, तू नीटनेटकी आहेस, तूच हे बघ," मॅडम म्हणाल्या.

नीटनेटकी आहेच मी. माझी रूममेट विधी म्हणते, तुझ्या दोरीवरचे रुमालसुद्धा सावधानमध्ये उभे असतात.

वजनांसाठी मॅडमनी रजिस्टर दिलंय. त्यात फक्त आकडे जातील. बाकीचं लिहायला ही वही. कुणी वाचायची नाही. (विधी, तूसुद्धा.)

पहिलं वजन आजच झालं. आम्ही मुली एकशे चौऱ्याऐंशी. ओला कचरा एकेचाळीस किलो! कचऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन येणारे वना आबा काट्याला बादली लटकवून म्हणाले, "रोजचं इतकंच असतं, पोरी. आजवर कुणी तोललं नव्हतं, एवढंच."

७ जानेवारी, मंगळवार

हातमोजे घालून बादल्या उपसल्या. पोळ्याच पोळ्या. मोजल्या तर दोनशे बारा, त्यातल्या शंभरावर तर ताटाला लागल्यासुद्धा नाहीत, पातेल्यातूनच बादलीत गेलेल्या. आमच्या रावेरकडे उरलेली पोळी सकाळी कुस्करून फोडणीला टाकतात. इथे सकाळी पोहे ठरलेले, म्हणून रात्रीच्या पोळ्यांना वाली नाही.

म्हणजे मुळात जास्त होतात. किती जणी जेवणार हे आधी कळलं की काम झालं. इतकं सोपं आहे हे! मला वाटतं, स्पर्धा आपण जिंकलीच.

१० जानेवारी, शुक्रवार

योजना सुरू केली. जेवणघरात चौदा पोस्टर लावली, अक्षर माझं, रंग विधीचे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे यादी. रोज सकाळी मी सगळ्या मजल्यांवर फिरून कोण जेवणार, कोण नाही, किती पोळ्या, हे विचारते. अकरा वाजता स्वयंपाकघराच्या दारावर स्वच्छ अक्षरात कागद लावते. कुंदाअक्का तीन वाजता कणीक मळायला घेते, तेव्हा माझं प्रॅक्टिकल असतं. म्हणून कागद.

कुंदाअक्का म्हणजे आमची मुख्य स्वयंपाकीण. साक्रीकडची आहे, पंचावन्नच्या आसपास वय असेल. अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाही. बारा वर्षं इथे आहे. कागद लावताना तिला म्हटलं, "अक्का, हे रोज बघत जायचं हं."

"हां बेटा, लाव. दारवर बरं दिसस," म्हणाली आणि हळदीचं पाकीट उघडून हुंगलं. तिची ही एक गंमतच आहे. बाजारातून आलेलं प्रत्येक पाकीट ती फोडून हुंगते, मगच डब्यात ओतते. वर एवढं मोठं नाव छापलेलं असतं. जुन्या माणसांचा कशावर विश्वासच नाही.

१३ जानेवारी, सोमवार

संक्रांतीला निम्म्या मुली घरी गेल्या. यादीत मी मोठ्ठं लिहिलं होतं: आज जेवणार ९७. खाली दोन रेघा मारल्या, लाल पेनने.

अक्काने एकशे चौऱ्याऐंशी जणींचा स्वयंपाक केला.

मी प्रॅक्टिकलवरून धावत आले तर पोळ्यांची चळत माझ्या खांद्याला लागेल इतकी. मी म्हटलं, "अक्का! कागद पाहिला नाही का?"

"पाह्यना ना."

"मग?"

तिने चळतीवर फडकं टाकलं. "एखादी पोर परत उनी, भुकी राहिनी तर? चार जास्ती बऱ्या."

चार नव्हे, दोनशे साठ. माझा चेहरा बोलला असणार, कारण तिने मला तिळाचे दोन लाडू दिले. लाडू छान होते, तो मुद्दा वेगळा.

१६ जानेवारी, गुरुवार

विधी म्हणते, "तिला तोंडी सांगत जा ना."

"मग कागद कशाला लावते मी?"

"मला काय माहीत कशाला लावतेस," असं म्हणून ती पाणी भरायला गेली. विधीला अक्काचा फार पुळका. विधी सूर्यास्तानंतर जेवत नाही, अमळनेरला त्यांच्या घरी सगळेच पाळतात, त्यामुळे सहाच्या आत एकटी स्वयंपाकघरात बसून जेवते. तेव्हा अक्काच्या मोबाईलवरचे मेसेज तिला वाचून दाखवते. अक्काचा चष्मा म्हणे घरीच राहतो. बारा वर्षं घरीच राहिलाय वाटतं.

कोरड्या कचऱ्यात मात्र आम्ही भारी आहोत. वह्यांचे कोरे कागद काढून एकशे दहा नवीन वह्या शिवल्या. सगळ्या मजल्यावर सुई-दोरा घेऊन गप्पा, गाणी, नुसता धुमाकूळ. तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी मी आजवर बोललेच नव्हते. काल त्यांनी मला गाणं म्हणायला लावलं. म्हटलं मी! पहिल्यांदाच चारचौघींत.

२० जानेवारी, सोमवार

दोन आठवड्यांचा तक्ता लागला. चौदात अकरावे. अकरावे!

कोरड्यात दुसरे, ओल्यात शेवटून पहिले. मुलांच्या एका वसतिगृहाने आम्हाला मागे टाकलंय, ज्यांच्या जिन्यावर म्हणे गेल्या दिवाळीचे आकाशकंदील अजून लटकतायत.

दुपारी बसून मॅडमना पत्र लिहिलं. 'स्वयंपाकघरातील मुख्य कर्मचारी लेखी सूचनांकडे वारंवार व हेतुतः दुर्लक्ष करीत असून त्यामुळे वसतिगृहाच्या प्रयत्नांना खीळ बसत आहे.' 'हेतुतः' शब्द बरोबर बसला. दोनदा वाचलं. पत्र म्हणून उत्तम झालंय.

२३ जानेवारी, गुरुवार

अक्काला नोटीस आली. मला वाटलं होतं मॅडम बोलावून समजावतील. पण पत्राचा असा परिणाम होतो. आवक क्रमांक पडला, स्पर्धा समितीकडे प्रत गेली, आणि समितीने विचारलं की कारवाई काय केली. नोटिशीत लिहिलंय, सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा, न दिल्यास करार पुढे चालू ठेवण्याबाबत विचार करावा लागेल.

मी ताट ठेवायला गेले तेव्हा अक्काच्या हातात ती होती. मला म्हणाली, "रूपाली, हाऊ कशाना कागद शे?"

वाटलं, मला टोमणा मारतेय. तिला कळलं असणार तक्रार कुणी केली. मी म्हटलं, "वाचा की."

"चष्मा नही शे ना बेटा." आणि हसली. नोटिशीची घडी घालून कमरेला खोचली आणि मला वरण वाढलं, वर तूप घातलं.

नोटीस मिळाल्यावर हसणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मला ते तूप गिळवेना. पण टाकता तर येत नव्हतं, कॅप्टन ना मी.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. जिलेब्या. एकही उरली नाही. वना आबा म्हणाले, "रोज जिलेबी करा, पहिला नंबर तुमचाच."

बाबांचा फोन आला. केळीच्या बागेतूनच बोलत होते, मागे पाण्याचा आवाज. "काय करू राहिली व रूपाली? तुही स्परधा काय म्हनते?" मी सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा. त्यांनी मागचं पाणी बंद केलं. मग म्हणाले, "त्या बाईले इचारलं का, कामून करते ते?" मी म्हटलं, हो, विचारलं. पण विचारलं नव्हतं. मी फक्त 'कागद पाहिला नाही का' असं विचारलं होतं. ते विचारणं नव्हेच, ते रागावणं.

२८ जानेवारी, मंगळवार

आज काय झालं ते लिहिते.

प्रॅक्टिकल रद्द झालं म्हणून दुपारी खोलीतच होते. विधी चुलतबहिणीच्या लग्नाला गेल्या बुधवारीच अमळनेरला गेलेली. अडीचच्या सुमाराला दारात अक्का. बारा वर्षांत ती वरच्या मजल्यावर पहिल्यांदा आली असावी, जिना चढून धाप लागली होती. हातात तीन कागद. पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "विधी नही शे का? मंग तूच सांग. यामाईन मॅडमना कागद कोनता शे?"

मी कागद घेतले. एक गॅसची पावती. एक तिच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका, त्यावर गणपतीचं एवढं मोठं चित्र. आणि ती नोटीस.

आणि मला कळलं. म्हणजे, एका क्षणात मागचं सगळं नुसतं उलगडत गेलं. हळदीचं पाकीट. चष्मा. 'दारवर बरं दिसस.' चौदा पोस्टर. लाल पेनच्या दोन रेघा.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्हाला वाचता..."

"येस नही," ती पटकन म्हणाली, जसं काही मीच अडखळतेय आणि ती मला मदत करतेय. "माले वाचता येस नही बेटा. शाळा चार कोस लांब व्हती, आन घरमा धाकली तीन भावंडं. मी कोनले सांगं नही आठे. विधीले समजनं, पन तिनी बी कोनले सांगं नही."

मी खाली बसले. मग ती म्हणाली, "तुना कागद मी टाकेल नहीत हां. बठ्ठा जपी ठेयेल शेत. तू इतली मेहनत करीसन लिखस. काहीतरी कामना व्हतीन म्हनीसन."

आणि मला खाली घेऊन गेली. कणकेच्या रिकाम्या डब्यात माझ्या अठरा याद्या. एकावर एक, कडेला कड लावून. एकीवरही तेलाचा डाग नाही.

मी रडले. बराच वेळ. अक्काला वाटलं माझी तब्येत बरी नाही. तिने मला आलं घालून चहा दिला आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, "चाल, तीन वाजनात. आज कितल्या पोरी शेत, सांग." मी तोंडी सांगितलं. एकशे एकसष्ट. परातीत तिने तेवढीच कणीक घेतली, एक मूठ इकडेतिकडे नाही. ओला कचरा आज सव्वीस किलो.

मी तिला अजून सांगितलं नाही की पत्र माझं होतं.

२९ जानेवारी, बुधवार

सांगितलं. सकाळी सहाला, ती पोहे भिजवत असताना, कारण दिवसभर धीर झाला नसता.

ऐकून अक्का काही वेळ पोहेच चाळत राहिली. मग म्हणाली, "तू माले इचारती तर मी सांगतू." बस्स, एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मॅडमकडे गेले. पत्र परत घेते म्हटलं. त्या म्हणाल्या, आता समितीकडे गेलंय, परत घेण्यासारखं राहिलं नाही. उद्या मुदत संपते. लेखी खुलासा हवाच.

लेखी! मी परत स्वयंपाकघरात. म्हटलं, अक्का, मी लिहून देते, असं लिहू की चष्मा हरवला होता. तिने भाजीचा विळा बाजूला ठेवला. "नही. खरं शे ते लिख. कितला दिन लपाडू?"

तिने सांगितलं तसं लिहिलं: 'मला लिहिता वाचता येत नाही. दारावरचा कागद मला कळत नव्हता. पोरी उपाशी राहू नयेत म्हणून मी सगळ्यांचा स्वयंपाक करीत होते.' तिसरी ओळ लिहिताना मला 'हेतुतः' आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या खुलाशाखाली दुसऱ्या कागदावर मी माझा जोडला. चूक माझी आहे, मी न विचारता तक्रार केली, असा. साध्या शब्दांत. अक्काने तिचा अंगठा उमटवला, आणि मला म्हणाली, "तुना कागदवर बी मारू का?"

दोघी हसलो.

३० जानेवारी, गुरुवार

दुपारी अक्काला विचारलं. खरं विचारलं, तिच्यासमोर पाटावर बसून: "अक्का, मी रोज तीन वाजता नसते. मग तुम्हाला आकडा कसा कळवायचा?"

ती चिंच कोळत होती. सांबाराची होती बहुतेक, सात-आठ मुठी. हात तसाच चालू ठेवून म्हणाली, तिच्या गावी पंगत असली की घरोघरी कुणी विचारत फिरत नसे. मारुतीच्या पारावर मडकं ठेवायचे. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा एक चिंचोका घरच्या माणसाने टाकायचा. तिची आत्या त्या पंगतींचा स्वयंपाक करायची. ती चिंचोके शेराने मापायची आणि त्याच हिशोबाने पीठ घ्यायची. कधी उरलं नाही, कधी कमी पडलं नाही.

मी तिच्या हाताखालच्या ताटलीकडे बघत होते. काळे चकचकीत चिंचोके. रोज एवढे निघतात आणि रोज बादलीत जातात.

"अक्का, एका पोळीला एक चिंचोका?"

तिने हात थांबवला. मग अशी हसली की आतून मदतनीस बाया बघायला आल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुरू!

दुपारच्या जेवणानंतर हात धुवायच्या ठिकाणी टोपलीत चिंचोके आणि शेजारी दोन डबे. एक पोळीचा, त्यावर विधीने पोळी काढली. एक भाकरीचा, त्यावर भाकरी काढली. (दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून भाकरीला तिने मिशा काढल्या. का ते विचारू नका.) संध्याकाळी जितक्या खाणार तितके टाकायचे.

पहिल्या दिवशी वाताहत. कुणीतरी गमतीने ओंजळभर टाकले. नऊ जणी विसरल्या आणि जेवायला हजर. मी चिडून त्यांची नावं लिहून घ्यायला लागले तर अक्काने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. नऊजणींपैकी प्रत्येकीला स्वतः वाढलं आणि म्हणाली, "उद्या टाकशीन ना माय?" त्या नऊजणी उद्या नक्की टाकणार. माझ्या यादीने असं कधी झालं नव्हतं.

एकोणीस किलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

भाकरीच्या डब्यात चिंचोके वाढतायत हे अक्काच्या लक्षात आलं, माझ्या नव्हे. "पोरीस्ले भाकर पाह्यजे," म्हणाली. तर आज तिने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी केली, शेंगदाण्याचा ठेचा आणि वांग्याचं भरीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुली, ज्या रोज बाहेरून मागवायच्या, त्या रांगेत पहिल्या. कोपऱ्यावरून येणारे प्लास्टिकचे डबेसुद्धा त्यामुळे कमी झाले. कोरड्या कचऱ्याला हे कसं लागू पडलं ते मी स्पर्धेच्या अहवालात व्यवस्थित मांडणार आहे.

सात किलो. त्यातही सालं आणि देठच.

समितीचं पत्र आलं, खुलासा समाधानकारक, नोटीस रद्द. मी तीन वेळा मोठ्याने वाचून दाखवलं. अक्का चौथ्यांदा म्हणाली, "आजून एकदाव वाच."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तक्त्यात तिसरे! चार किलो!

वना आबा बादली काट्याला लावून म्हणाले, "पोरींनो, माझा ट्रॅक्टर रिकामा हिंडतोय, लोक विचारतात संप आहे का." मग त्यांनीही चिंचोके मागितले. घरी नातसून, मुलगे, पाहुणे मिळून सतरा माणसं, आणि रोज कुणीतरी न सांगता ऐनवेळी गायब.

गंमत अशी की सगळ्या जणी आता दुपारी डब्याशी घोळका करून उभ्या असतात. कोण किती टाकते ते बघायला. काल एकीने एकच टाकला तर चौघींनी विचारलं, बरं नाही का तुला? तिला खरंच बरं नव्हतं. पेपरमध्ये नापास झाली होती, कुणाला सांगितलं नव्हतं. अक्काने तिला भाताची पेज करून दिली. मी स्पर्धेच्या तक्त्यात यासाठी रकाना शोधला. नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. धुळे

परतीच्या बसमध्येच लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी सातच्या एसटीने निघालो. मी, विधी, ज्योती मॅडम आणि अक्का. अक्काने जांभळं पातळ नेसलेलं, केसात अबोलीचा गजरा. पारोळा गेल्यावर ती खिडकीतून बाहेर बघत मला शेतं दाखवत होती, हाऊ हरभरा, ही दादर ज्वारी, जशी काही मी रावेरची नसून परदेशची आहे.

सभागृहात चारशे माणसं. माझं सादरीकरण तयार होतं, एकवीस चित्रं, आलेख वगैरे. पहिल्याच चित्रावर मॅडमनी टाकलं होतं: 'चिंचोका पद्धती. संकल्पना: रूपाली.' मी आधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर आलं तेव्हाच पाहिलं, आणि टाळ्या सुरू झाल्या.

खरं लिहायचं तर टाळ्या गोड लागल्या. दोन-तीन सेकंद मी तशीच उभी राहिले.

मग म्हटलं, "हे चुकीचं छापलंय. ही पद्धत कुंदाअक्कांची आहे. मी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती. पुढचं त्याच सांगतील."

अक्काला काहीच कल्पना नव्हती. विधीने तिला उठवलं. ती मंचावर आली, माईकपासून हातभर लांब उभी राहिली आणि मला विचारलं, "काय सांगू?" ते माईकमधून सगळीकडे ऐकू गेलं. सभागृह हसलं. धुळ्याचं सभागृह, सगळी तिच्याच बोलीची माणसं. ते हसणं ऐकून तिचा चेहरा मोकळा झाला.

"माले वाचता येस नही," ती म्हणाली. "हाई पोर रोज कागद लाये. कागदवर बठ्ठं व्हतं, पन माले काय समजी? पोट कागदवर नही दिसस. आज एक पोरना उपास ऱ्हास, एकनी परीक्षा ऱ्हास, एकले घरनी याद येस. ते तिलेच इचारनं पडस. इचारं का मंग उरस नही."

परीक्षकांतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि दोन चिंचोके टाकून एकच पोळी खाल्ली तर?"

"मंग मी तिना जोडे जाईसन बसस."

तिच्या शेजारी जाऊन बसायचं, एवढंच अक्काचं उत्तर! टाळ्या थांबेचनात. मॅडमनी डोळे पुसले आणि सर्दी झालीय असं म्हणाल्या.

आम्ही दुसऱ्या आलो. पहिला नंबर धुळ्याच्याच एका वसतिगृहाचा, त्यांनी ओल्या कचऱ्यावर गॅस काढून चहा उकळून दाखवला, मान्यच आहे. मला वाईट वाटायला हवं होतं, मी वाट पाहिली, पण वाटलंच नाही. कारण निकाल लागताच निरनिराळ्या मेसमधल्या आठ-दहा बाया अक्काभोवती जमल्या. चिंचोके धुवायचे का, कीड लागते का, पातळ भाजीचं काय करता. अक्का हातवारे करून सांगत होती. मी त्या घोळक्याच्या बाहेर, तिची पिशवी धरून उभी.

दोन वसतिगृहांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं, स्वयंपाकघरात उभं राहून दाखवायला. तिची बहीणही धुळ्यातच आहे. अक्का राजी होती, एकच काळजी: "उद्या तठे पोरीस्नं जेवन कोन करी? मदतन्या बाया बी सुट्टीवर शेत."

"आम्ही करू," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं वाणसामानात खडा निघाल्यावर बघते. पण गेली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल आम्ही केलं.

चिंचोके मोजले, चारशे सहा. तिथपर्यंत सगळं बरोबर. मी कणीक मळली. रसायनशास्त्र शिकते मी, पाणी मापूनच घातलं. ते नेमकं तिथेच चुकलं बहुतेक, कारण परातीत आधी लापशी झाली, मग पीठ वाढवलं तर दगड झाला. वीस जणी लाटायला, दहा जणी भाजायला, उरलेल्या सगळ्या सल्ले द्यायला. विधीची भाकरी थापता थापता दुभंगली, अर्धी तव्यावर, अर्धी तिच्या पायावर. ती ओरडली आणि मग जे हसायला लागली ते खाली बसूनच हसली, तिला बघून सगळ्या. जेवायला बसेपर्यंत विधीचा सूर्य केव्हाच मावळला होता. तिने उजेडातच केळी खाऊन घेतली होती, म्हणाली, सुटले मी!

खरंच सुटली. पोळ्या कडक, भाजीत मीठ दोनदा. तरी पंगतीत एवढा गोंधळ, एवढी गाणी, कुणी उठायलाच तयार नाही.

आज सकाळी वना आबांनी काटा लावला. अठ्ठावीस किलो.

त्यांनी बादलीत डोकावलं, एक पोळी उचलून ती काट्याच्या दांड्यावर ठक्क वाजवली. "स्पर्धा परवाच संपली," म्हणाले, "देवाची कृपा म्हणा."

अक्काचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "कितलं उरनं?"

कॅप्टनला एक क्षण वाटलं, सात म्हणावं.

"अठ्ठावीस," मी म्हटलं.

"अठ्ठावीस?" ती म्हणाली. मग ती हसायला लागली. एवढं हसली की तिच्या बहिणीने फोन घेऊन मला विचारलं, काय सांगितलंस गं हिला? मागे भांड्यांचे आवाज, आणखी बायांचे आवाज, आणि अक्का त्यांना हसता हसता सांगतेय, अठ्ठावीस, अठ्ठावीस.

मग फोनवर परत आली. "पीठ शे का आजून?"

"आहे."

"मंग आज परत करा. फोन चालू ठेव, मी सांगस तसं कर. पानी मापीसन नही घालानं बेटा, हाततीन घालानं."

स्वयंपाकघरातून सगळ्या हाका मारतायत. तीन वाजले. चिंचोके आज चारशे बावीस, कालच्यापेक्षा जास्त. काल जेवून सुद्धा!